सरकीची गोधडी

बऱ्हाणपूर
६ जानेवारी १९५७

माननीय निरीक्षक बाईसाहेब, भोपाळ, यांस

सा. न. वि. वि.

असा मायना घातला की तुला बरं वाटेल ना? अठरा डिसेंबरला तू आमच्या बालिकागृहात आलीस. मी "या" म्हटलं, आणि तू वहीतून मान वर न करता विचारलंस, "आपलं नाव?" माझं नाव! तुझ्या वेण्या ज्या हातांनी घातल्या त्या हातांकडे तरी बघायचंस. मी सांगितलं, मालती पुराणिक, गृहमाता. तू नीट अक्षरात लिहून घेतलंस. नऊ वर्षांनी सख्खी बहीण दिसली ती अशी. मीही मग इथे कुणाला सांगितलं नाही की साहेबीण माझी कोण लागते. मलाही माझा मान आहे.

आज तुझ्या तपासणीवरचा हुकूम आला. हिंदीत आहे. नोव्हेंबरपासून सगळं हिंदीतच येतं. त्याचं मला काही नाही, आम्ही बऱ्हाणपूरचे, आमच्या जिभेला दोन्ही बाजू आहेत. पण कलम चार वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलींना गप्प करण्यासाठी त्यांच्या अंगावर "बिनौले" भरलेलं ओझं लादलं जातं, ही क्रूर शिक्षा आहे, सर्व ओझी जप्त करा. बिनौले म्हणजे आपली सरकी. ओझं म्हणजे आमची गोधडी. कलम पाच: दाराच्या अडसराला चिंध्या गुंडाळलेल्या आढळल्या, अस्वच्छ, त्वरित काढा.

उचलली जीभ लावली टाळ्याला! पाव तास होतीस तू. घड्याळ बघून पाव तास. चहासुद्धा घेतला नाहीस.

आता ऐक, म्हणजे वाच. आमच्याकडे अकरा मुली आहेत, बारापासून सतरा वर्षांच्या. कुणी चोरीत सापडलेली, कुणी पळून आलेली, सगळ्या कोर्टाने पाठवलेल्या. त्यातली मनकर्णा निंबोल्याची, वय पंधरा. चौदाव्या वर्षी लग्न झालं. सासरच्यांचा केळीचा धंदा. पोरगी उलट बोलली की तिला केळी पिकवायच्या खोलीत कोंडायचे. तशी खोली तू पाहिली असशील, लहानपणी बाबा आपल्याला दाखवायला घेऊन गेले होते. खिडकी नाही, धूर कोंडलेला, बाहेरून लोखंडी अडसर. एकदा दार उघडल्या उघडल्या तिने तोच अडसर उचलला आणि सासूच्या खांद्यात घातला. सासूचं हाड मोडलं, पोरगी आमच्याकडे आली.

आमच्या दाराला कोणता अडसर होता? लोखंडीच. रोज दिवेलागणीला तो कोयंड्यात पडायचा, खण्णकन. आणि रोज त्या आवाजासरशी मनकर्णा जे हाताला लागेल ते फेकायची, भिंतीवर डोकं आपटायची, अडवायला जाईल तिला चावायची. माझ्या डाव्या मनगटावर तिचे दात अजून आहेत. आम्ही काय केलं म्हणतेस? पहिले दोन महिने सगळे करतात तेच. चौघींनी धरून खोलीत टाकली. त्याने ती आणखी पेटायची, हे न कळण्याइतक्या आम्ही मठ्ठ होतो.

आमच्याकडे धुरपदाबाई आहे, जसोंडीची, साठीची. मुलींजवळ राहते, त्यांचं सगळं तीच बघते. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिने कापसाच्या जिनिंगमधून सरकी आणून एक थैली शिवली होती. कढईत सरकी गरम करायची, थैलीत भरायची आणि गुडघ्यावर ठेवायची. एका संध्याकाळी मनकर्णाने फेकायला ती थैली उचलली. पण फेकली नाही. पोटाशी धरून खाली बसली. वजनाला पाच शेर असेल, ऊबही होती. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. आम्ही बघत राहिलो. धुरपदाबाई मला हळूच म्हणाली, "बाई, हे पोरगी मारकुटी नही व. हे भेते. जिवाले कुठी टेकू नही तिच्या."

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वतः मागायला आली. "मले ते थैली पाहिजे. जड आहे ना, मंग मले वाटते मी एका जागी आहे."

तुझ्या कॉलेजात हे कोणत्या पुस्तकात होतं मला माहीत नाही. त्याला काय नाव असतं तेही माहीत नाही. आम्ही दोन जुनी लुगडी घेतली, मध्ये सरकी भरली, आणि ती एका टोकाला जमू नये म्हणून चौकोनी खण पाडून टाके घातले. आठ शेरांची एकेक गोधडी. पाच केल्या. सरकीला उंदीर लागतात म्हणून त्या दोरीवर टांगतो आणि कडुलिंबाचा पाला खोचतो. चिंध्यांचं म्हणशील तर अडसर वाजू नये म्हणून त्या गुंडाळल्या. सकाळच्या घंटेचा टोल बंद केला, धुरपदाबाई हाताने दार थापटून मुलींना उठवते. जिचं डोकं तापेल तिने जात्यावर बसावं, दोन पायली दळावं आणि उठावं. गेल्या वर्षी जूनपासून डिसेंबरपर्यंत मनकर्णाने कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे. मराठीत लिहिलेलं आहे, तुला वाचता येतं.

आणि नियम एकच. विचारल्याशिवाय गोधडी कुणाच्या अंगावर टाकायची नाही. "ठेवू का?" म्हणायचं. "नको" म्हणाली की घडी करून दोरीवर. याला तू लादणं म्हणतेस?

गेल्या ऑक्टोबरात नागपूरहून तपासायला एक गृहस्थ आले होते. तास दीड तास बसले, स्वतःच्या मांडीवर गोधडी घेऊन बघितली, म्हणाले, फार चांगलं, लेखी मान्यता पाठवतो. तेवढ्यात राज्य फुटलं. नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि त्यांची वाटणीही तिकडेच झाली. म्हणजे त्यांचा होकार मुंबई राज्यात गेला आणि आमच्या गोधड्या मध्य प्रदेशात राहिल्या. आमच्या वाट्याला आलीस तू. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं.

अहवाल दुरुस्त कर. एवढंच मागणं आहे.

आपली आज्ञाधारक,
मालती पुराणिक, गृहमाता


बऱ्हाणपूर
२१ जानेवारी १९५७

उषा,

तुझं उत्तर मिळालं. टंकलेखित. "आपले पत्र प्राप्त झाले. विषय कार्यालयाच्या विचाराधीन आहे." खाली सही, सहीखाली शिक्का. संक्रांत होऊन गेली, तिळगुळाचा एक दाणा नको, पण शिक्का मात्र ठसठशीत.

तुझ्या विचाराधीन विषयाचं काय झालं ते ऐक. आमच्या कमिटीचे अध्यक्ष दिगंबरराव स्वतः गडी घेऊन आले आणि पाचही गोधड्या उचलून कोठीत टाकल्या. कोठीत काय ठेवलंय, तर सरकी! उंदरांना मेजवानी. अडसराच्या चिंध्या कात्रीने कापल्या. मी मध्ये उभी राहिले तर म्हणाले, "मालतीबाई, सरकार आता भोपाळला आहे. तुमच्या शहाणपणापायी संस्थेचं अनुदान घालवू का?"

त्या संध्याकाळी अडसर पडला. खण्णकन. मनकर्णाने आधी कान झाकले, मग ती दोरीकडे धावली. दोरी रिकामी. तिने माझ्याकडे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "बाई, माही गोधडी कुठी?" मी काय सांगू? सरकारने नेली? तिने कपाळ चौकटीवर आपटलं. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी दिगंबररावांच्या हाताला चावली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, पण त्यांना वाटलं.

आणि आता खरी गोष्ट. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं बघ. खात्याने संस्थेकडे खुलासा मागितला, मुलीवर ओझं का लादलंत? कमिटीने खुलासा केला: मुलगी वेडसर व हिंसक असल्यामुळे नाइलाजाने. खात्याने लगेच उत्तर पाठवलं: वेडसर असेल तर बालिकागृहात कशाला, तिला १ मार्चला वेड्यांच्या इस्पितळात पोचतं करा. झालं. क्रूरता तू शोधलीस, खुलासा त्यांनी दिला, आणि दाराला बाहेरून अडसर असलेल्या खोलीत जाणार कोण, तर मनकर्णा. एकदा केळीच्या खोलीत, आता तिथे. तिथून पंधरा वर्षांची मुलगी परत येते का ग? तू निरीक्षक आहेस, तूच सांग. तिथे तिला कोण विचारणार आहे, ठेवू का म्हणून?

मला वाटतं, ज्याला स्वतःला कधी गरज पडली नाही त्याने असे शेरे मारले तर एक वेळ समजू शकेन. पण तू? आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. वस्तू फेकायचीस, बाबांच्या कचेरीचे कागद फाडायचीस, फरशीवर लोळायचीस. बाबा घाबरून बाहेर निघून जायचे. मी सोळा वर्षांची. आईची ती मोठी गोधडी तुझ्यावर टाकायचे, तिच्या काठावर दाबून बसायचे, आणि थोड्या वेळात तू गपगार व्हायचीस. दोन वर्षं केलं. धुरपदाबाईची थैली पोरीच्या पोटाशी बघितली तेव्हा मला तूच आठवलीस, म्हणून तर मी गोधड्या शिवायला घेतल्या. माझी स्थळं आली आणि गेली, ती मी मोजली नाहीत. तुला नागपूरला शिकायला पाठवलं. आणि बाबांच्या तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर तू मला काय म्हणालीस? "अक्का, तू माझा श्वास कोंडलास." वाढलेलं ताट सोडून गेलीस. नऊ वर्षं मी विचार करते आहे, हिचं मी काय वाईट केलं.

मनकर्णाला वाचव. माझ्यासाठी नाही म्हणत मी.

मालती


बऱ्हाणपूर
६ फेब्रुवारी १९५७

उषा,

तुझं कार्ड आलं. शिक्का नाही, हाताने लिहिलेलं. चार ओळींचं पत्र मी चार दिवस वाचते आहे.

"अक्का, त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. आतली मुलगी 'नको' म्हणत होती. मी सात वेळा ऐकलं, मग आत आले. मी लहानपणीही मोजायची. एकदा एकवीस झाले होते."

पहिल्या दिवशी मला रागच आला. म्हटलं, हिशेब ठेवणारी कारटी! दुसऱ्या दिवशी तुला सुनवायला कागद घेतला आणि कोराच राहिला. तिसऱ्या दिवशी जात्यावर बसले, दोन पायली दळलं. आज लिहिते आहे.

अठरा डिसेंबरला काय झालं ते तुला मी सांगितलं नव्हतं. तुला ते आधीच माहीत होतं, आणि मला वाटत होतं, तुला माहीत नाही.

सकाळी दिगंबररावांचा निरोप आला, भोपाळच्या निरीक्षक बाई दुपारी येणार, नाव उषा पुराणिक. मी लगबगीने उठले. अंगण झाडून घेतलं, मुलींना धुतलेले कपडे घातले. मला वाटत होतं, उषाने बघावं, आपल्या अक्काने काय उभं केलं आहे. एकही मुलगी रडताना दिसू नये, एकही भांडं वाजू नये. आणि नेमकं दुपारी कुणीतरी मागच्या चुलीत ओला पाला घातला आणि घरभर धूर झाला. धूर म्हणजे मनकर्णाला ती खोली. ती ओरडायला लागली. बाहेर टांग्याचा आवाज आला. मी दोरीवरची गोधडी ओढली आणि तिच्यावर टाकली. विचारलं नाही. ती "नको" म्हणाली. मी गोधडीच्या काठावर दाबून बसले. आपला जुना सराव. ती "नको, बाई, नको" म्हणत राहिली आणि मी म्हणत राहिले, "गप, गप, साहेब आले."

माझा स्वतःचा नियम. धुरपदाबाई मागून म्हणाली होती, "बाई, उठा. ते नही म्हनते." मी तिलाही गप्प केलं.

सात वेळा म्हणाली असेल. मी मोजलं नव्हतं. तू म्हणतेस तर सातच.

म्हणजे तू जे पाहिलंस ते खरं होतं. मला चीड आली ती तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. तू खरं लिहिलंस म्हणून.

आणि हा नियमही माझ्या डोक्यातून आलेला नाही, उषा. तो मनकर्णाने केला. पहिली गोधडी शिवून झाली तेव्हा मी मोठ्या हौसेने तिच्यावर टाकली, तर तिने लाथ मारून उडवली. मी म्हटलं, "अग, तुझ्यासाठीच केली." ती म्हणाली, "मंग मले इचारा ना. कोंडनारेबी तुह्याच भल्यासाठी म्हनत." पंधरा वर्षांच्या पोरीने सांगितलं तेव्हा मी ऐकलं. आठ वर्षांची तू सांगत होतीस तेव्हा मला वाटायचं, गप्प झाली म्हणजे शांत झाली. तू दमून गप्प व्हायचीस. हे मला आत्ता, पंचेचाळिसाव्या वर्षी कळतं आहे. लाज वाटते लिहिताना.

अजून एक आहे. तेही लिहून टाकते, नाहीतर धीर होणार नाही. "मुलगी वेडसर व हिंसक असल्यामुळे नाइलाजाने" या खुलाशावर अध्यक्षांच्या सहीखाली दुसरी सही आहे. गृहमातेची. तू फाइलमध्ये पाहिली असशीलच, आणि मागच्या पत्रात मी कमिटीला शिव्या घालत होते ते वाचून हसली असशील. चोराच्या उलट्या बोंबा. दिगंबरराव म्हणाले, सही करा नाहीतर उद्यापासून येऊ नका. मी या घराबाहेर जाऊन काय करू, मला दुसरं येतं काय, असा विचार केला आणि सही केली. पेन त्यांचंच होतं.

पण मनकर्णा वेडी नाही. तुझ्या अहवालातली शिक्षा खरी होती, पण ती शिक्षा मी केली, गोधडीने नाही केली. एवढा फरक मला कागदावर पाहिजे. ती गोधडी तिच्या हातात असते तेव्हा ती माणसात असते. दुसऱ्याच्या हातात गेली की ती पुन्हा त्या खोलीत जाते. वही सोबत पाठवते आहे, जून ते डिसेंबर, रोजची नोंद.

हे पत्र खासगी समजू नकोस. फाइलला लाव. वरचं सगळं मी, मालती गोविंद पुराणिक, पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे, आणि त्या खुलाशावरची माझी सही मी मागे घेते. दिगंबररावांनाही एक प्रत आजच दिली आहे. त्यांनी वाचली आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्याच डोक्यावर परिणाम झालाय." मी म्हटलं, मग मलाही पाठवा तिच्याबरोबर, निदान सोबत होईल. उद्यापासून मी सक्तीच्या रजेवर आहे. धुरपदाबाई सांभाळते आहे.

तू ये. मला भेटू नकोस, नाव विचारू नकोस, चालेल. मनकर्णाशी बोल. पाव तास नको, जरा बैस. एक मार्चला तेवीस दिवस उरले आहेत.

अक्का


बऱ्हाणपूर
३ मार्च १९५७

उषे,

तू येऊन गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. तू मला दाराबाहेर थांबायला सांगितलंस आणि दार उघडंच ठेवलंस. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. दिगंबरराव शेजारी, रुमालाने घाम पुसत. बाहेर उभं राहून ऐकायची पाळी या खेपेला माझी होती.

तू आत काय बघितलंस ते तू तुझ्या कागदात लिहिलं असशील. मी काय ऐकलं ते लिहिते, कारण आपल्या दोघींमध्ये ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

कोठीतून धुरपदाबाईने एक गोधडी काढून आणली होती. बाकी चार उंदरांनी खाल्ल्या. हिचाही एक कोपरा गेला होता, तो मनकर्णाने सुतळीने शिवला होता. तू सतरंजीवर बसलीस. प्रश्न विचारलेस, ती उत्तरं देत होती, नीट, तुटक. गाव कोणतं, सासर कुठलं, अडसर कसा वाजतो. मग तू म्हणालीस, "ही गोधडी जरा दाखव." ती उचलून तुझ्या जवळ आली असावी. कारण तुझा आवाज बंद झाला.  मला तुझा श्वास ऐकू येत होता. तो मला ओळखू येतो, आठव्या वर्षीही तो असाच व्हायचा, तोकडा, वरच्या वर. माझा पाय उंबऱ्याकडे गेला. सवय. मी तो मागे घेतला.

मनकर्णा म्हणाली, "साहेबबाई, तुमाले भेव वाटून राह्यलं का?"

मग तीच पुढे म्हणाली,

"ठेवू का तुमच्यावर? जड आहे. बरं वाटते."

तू म्हणालीस, "नको."

एकदाच.

ती म्हणाली, "बरं." आणि मला कापडाचा आवाज आला. सरकी खणांतून सरकल्याचा, घडी केल्याचा, दोरीवर टाकल्याचा. मग ती म्हणाली, "मी इकडी बसते, लांब. पानी देऊ का?"

आणि तू रडलीस. दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं, हे काय झालं म्हणून. 

तुझा हुकूम एक मार्चच्या आदल्या दिवशी आला. मनकर्णाला इस्पितळात पाठवू नये, मुलगी वेडी नाही. गोधडी मुलीच्या ताब्यात राहील, तिच्या पेटीत, तिने मागितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दाराच्या अडसराला कापड गुंडाळावं. आणि कलम सहा, गृहमाता मालती पुराणिक यांनी १८ डिसेंबर रोजी मुलीच्या इच्छेविरुद्ध बळ वापरलं, तीन महिने पदावरून दूर ठेवावं. बहिणीला सोडलं नाहीस. सोडलं असतंस तर मला आवडलं नसतं. माझी चीड गेली म्हणून समजू नकोस. खातं, दिगंबरराव, तो खुलासा लिहिणारे, सगळ्यांवर आहे अजून, आणि राहील. पोरगी वाचली ती त्यांच्यामुळे नाही. पण कलम सहावर माझं काही म्हणणं नाही.

तू जाताना पायरीवर मला "येते" म्हणालीस. नुसतं येते. मीही "ये" म्हटलं. टांगा वळल्यावर मनकर्णा माझ्याजवळ आली आणि विचारलं, "बाई, त्या साहेबबाई तुमच्या कोन व्हत्या? तुमच्यासारखं नाक आहे त्यायचं."

पहिल्यांदा सांगितलं. म्हटलं, "बहीण. धाकटी."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "त्या नको म्हने तवा मांगं मांगं सरकत व्हत्या. त्यायले वाटलं मी ऐकनार नही. काहून वाटलं असंन बाई तसं?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते. ते माझ्यामुळे वाटलं. तू एकवीस वेळा "नको" म्हणालीस आणि मी एकदाही उठले नाही. एकोणतीस वर्षं तुझं उत्तर माझ्याकडे राहून गेलं, आणि एका पोरीने ते माझ्याआधी एका शब्दात दिलं.

बरं, उषे. बरं.

अक्का